कामगारांच्या नावाने कामगारांवर रणगाडे

१९५६ साल म्हटले की आपल्या घराघरांत दोनच तारखा आठवतात. १४ ऑक्टोबर, नागपूरची धम्मदीक्षा आणि ६ डिसेंबर, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत युरोपातील हंगेरी या छोट्या देशात जे घडले, ते आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत. कारण ते कष्टकऱ्यांनी विसरू नये असे आहे.

हंगेरीत दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाच्या बळावर कम्युनिस्ट राजवट आली. राज्य कामगारांचे, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात पगार अपुरा, बोलायची चोरी आणि दारावर गुप्त पोलिसांची थाप. २३ ऑक्टोबरला राजधानी बुडापेस्टमध्ये विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. कामगार त्यांना येऊन मिळाले. स्टॅलिनचा प्रचंड पुतळा लोकांनी त्याच रात्री पाडला. नवे पंतप्रधान इम्रे नाज हे स्वतः कम्युनिस्ट होते. पण ते लोकांच्या बाजूने उभे राहिले. १ नोव्हेंबरला त्यांनी देश तटस्थ राहील असे जाहीर केले.

बलाढ्य शेजाऱ्याला हे खपले नाही. ४ नोव्हेंबरच्या पहाटे रशियाचे रणगाडे बुडापेस्टवर चालून आले. त्याच सुमारास ब्रिटन आणि फ्रान्स सुएझसाठी इजिप्तवर बॉम्ब टाकत होते. म्हणजे दंडेली कोणा एकाच रंगाच्या झेंड्याची मक्तेदारी नव्हती!

सर्वांत चिवट झुंज दिली ती चेपेल या कारखान्यांच्या वस्तीने. बंदुका थंडावल्यावर कामगारांनी संपाचे हत्यार उचलले. संप म्हणजे काय, हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. १४ नोव्हेंबरला बुडापेस्टच्या कामगारांची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली. थोड्याच दिवसांत तिचा अध्यक्ष झाला शांडोर राट्स, वय अवघे २३, कारखान्यातील कारागीर. ४ डिसेंबरला स्त्रिया मूक मोर्चाने निघाल्या आणि त्यांनी अनाम सैनिकाच्या स्मारकावर फुले वाहिली. ११ डिसेंबरला राट्सला बोलणीसाठी म्हणून बोलावले आणि अटक केली. पुढे त्याला जन्मठेप झाली. सुमारे अडीच हजार हंगेरियन माणसे मारली गेली, दोन लाख देश सोडून गेली. इम्रे नाज यांना १६ जून १९५८ रोजी फाशी दिले.

हे चालू असतानाच काठमांडूला जागतिक बौद्ध परिषद भरली होती. प्रकृती खालावलेली असूनही बाबासाहेब तेथे गेले आणि २० नोव्हेंबरला बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. शोषण संपावे, दुःख संपावे, हे ध्येय दोघांचेही. फरक आहे तो मार्गाचा. हिंसेने आणि हुकूमशाहीने बदल झटपट होईल. पण जबरदस्तीचा हात उठला की मागे काय उरेल, हा बाबासाहेबांचा सवाल होता. बुद्धाचा मार्ग माणसाचे मन बदलण्याचा. तो लांबचा, पण टिकाऊ.

त्या सवालाचे उत्तर हंगेरीत ३३ वर्षांनी मिळाले. १६ जून १९८९ रोजी लोकांनी नाज यांच्यावर सन्मानाने पुन्हा अंत्यसंस्कार केले. त्याच वर्षी ती राजवट गेली. १९९१ मध्ये रशियाचे शेवटचे सैनिकही हंगेरीतून परतले. बंदुकीच्या धाकावर उभे केलेले राज्य, धाक सरताच कोसळले.

आम्हाला यातून एक साधी गोष्ट दिसते. ‘तुमच्याच भल्यासाठी’ असे म्हणत जो आपले तोंड बंद करतो, तो आपला नव्हे. मग त्याच्या हातात कोणताही झेंडा असो. युनियन असो, पक्ष असो की विहाराची कमिटी, हिशेब विचारणाऱ्या माणसाला ‘खाली बस’ म्हणण्याची पाळी येईल, तेव्हा आपण बुडापेस्टच्या त्या कामगारांची आठवण ठेवावी आणि त्याला बोलू द्यावे.