जमीन कोणत्या रजिस्टरला आहे?

भिंगारमध्ये घर घ्यायला निघालेला माणूस वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या पिशवीतले कागद बहुधा ठरलेले असतात. घरपट्टीच्या पावत्या, विजेचे बिल, विकणाऱ्याच्या आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि नोटरीचा शिक्का असलेला जुना शंभराच्या स्टँपवरचा करारनामा. इसार देऊन झालेला असतो. वकील कागद एकेक करून उलटतो, बाजूला ठेवतो आणि विचारतो, "जीएलआरचा उतारा कुठंय?" समोरचा म्हणतो, "साहेब, घरपट्टी तर त्यांच्याच नावावर आहे ना?" पुढचा अर्धा तास वकील त्याला हेच समजावत असतो की कर भरणे वेगळे आणि जमिनीची मालकी असणे वेगळे.

जीएलआर म्हणजे जनरल लँड रजिस्टर. छावणीच्या हद्दीतील जमिनीची नोंद त्यात होते. भिंगारची गुंतागुंत इथूनच सुरू होते. भिंगार गाव अहमदनगर कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत येते. लगतच्या नागरदेवळे आणि दरेवाडीत ग्रामपंचायत आणि सातबारा, तर नगर शहराकडे महापालिका आणि प्रॉपर्टी कार्ड. रिक्षाने काही मिनिटांत ओलांडता येणाऱ्या टापूत जमिनीच्या तीन प्रकारच्या दप्तरांशी गाठ पडते. नगरच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला ही तिन्ही वाचता यावी लागतात, कारण एका दप्तरातला चोख कागद दुसऱ्या दप्तराच्या हद्दीत काहीच सिद्ध करत नाही.

लष्कर इथे आले ते इंग्रजांबरोबर. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा किल्ला घेतला, फौजेचा मुक्काम पडला आणि पुढे छावणी कायमची झाली. आज रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र नगरलाच आहे. इंग्रजी छावण्यांत जमीन सरकारची राहायची आणि तिच्यावर अधिकाऱ्यांना, व्यापाऱ्यांना घरे बांधू दिली जायची. त्या व्यवस्थेला दप्तरात 'ओल्ड ग्रँट' म्हणतात आणि दोनशे वर्षांनंतरही खरेदीखताच्या टेबलावर तीच आडवी येते.

उतारा हाती आला की तो कसा वाचला जातो हे पाहण्यासारखे आहे. नवखा माणूस आधी नाव शोधतो. मुरलेला वकील नावाच्या रकान्याकडे शेवटी वळतो. पहिल्यांदा सर्व्हे नंबर आणि क्षेत्र, मग वर्ग. 1937 च्या छावणी जमीन प्रशासन नियमांनी जमिनीचे वर्ग पाडले आहेत: 'ए' लष्कराच्या कामासाठीची, 'सी' बोर्डाकडे सोपवलेली, 'बी' मध्ये पुन्हा चार पोटप्रकार. यांतला 'बी-3' दिसला की वकिलाची पेन्सिल तिथे थांबते. जमीन खासगी माणसाच्या ताब्यात आहे, पण मालकी हक्क केंद्र सरकारने स्वतःकडे राखले आहेत, असा त्याचा अर्थ. त्यानंतर 'लँडलॉर्ड'चा रकाना. तिथे भारत सरकार. धारकाच्या हक्काच्या रकान्यात ओल्ड ग्रँट की लीज, लीज असेल तर मुदत कधी संपते, नूतनीकरण झाले का. आणि मग ते नाव, ज्याच्यासाठी पक्षकार इतका वेळ खुर्चीच्या टोकावर बसलेला असतो. त्या रकान्याचे शीर्षक 'मालक' असे नसते. ते असते 'होल्डर ऑफ ऑक्युपन्सी राइट्स', भोगवट्याच्या हक्काचा धारक. बोलताना सगळे त्याला एचओआर म्हणतात.

शेवटचा शेऱ्याचा रकाना अनेक जण सोडून देतात. बांधकामाला घेतलेली हरकत किंवा वापर बदलल्याची नोंद तिथे सापडू शकते, म्हणून तो दोनदा वाचायचा.

ओल्ड ग्रँटच्या अटी कोणत्या, हा वादाचा स्वतंत्र विषय आहे. बंगाल लष्कराच्या छावण्यांसाठी 12 सप्टेंबर 1836 चा गव्हर्नर जनरलचा 179 क्रमांकाचा हुकूम होता. जमीन सरकारची, ती विकता येणार नाही, महिन्याची नोटीस देऊन आणि मंजूर बांधकामाची किंमत मोजून सरकार जागा परत घेऊ शकते, असा त्याचा आशय. मुंबई इलाख्याच्या फौजेसाठी हुकूम वेगळे होते. त्यामुळे दिल्लीकडच्या निकालाचा उतारा भिंगारच्या दाव्यात जसाच्या तसा डकवणे धोक्याचे, मूळ हुकूम तपासावा लागतो. मध्य प्रदेशातील सागर छावणीतल्या बंगल्याच्या प्रकरणात, सुरेंद्रकुमार वकील खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये जीएलआरमधील नोंदीला वजन दिले आणि जागा ओल्ड ग्रँटची ठरवली. विकत घेणाऱ्यांकडे खरेदीखत होते, पण जमिनीची मालकी त्यातून आली नाही.

मग भिंगारमध्ये घरे विकली जातच नाहीत का? जातात. फक्त काय विकले जात आहे ते दस्तात नेमके लिहावे लागते. कौशल्य लागते ते इथे. 'सदर मिळकत कायम मालकी हक्काने' हे खरेदीखतातले हातात बसलेले वाक्य इथे उचलून टाकले की विकणारा स्वतःकडे नसलेली गोष्ट विकून बसतो आणि घेणाऱ्याला पुढे भांडायला जागा उरत नाही. बांधकाम आणि त्याच्या अनुषंगाने असलेला भोगवट्याचा हक्क, एवढेच हस्तांतरित होते. आधी लागणारी परवानगी, नंतर नाव लावण्याचा अर्ज, ते लागले नाही तर पैशांचे काय, हे सगळे साठेखतातच यावे. दस्त नोंदला की त्याची खबर बोर्डाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आणि संरक्षण संपदा अधिकाऱ्याला जाते, तशी तरतूदच छावणी कायद्यात आहे. म्हणूनच नोंदणी टाळून नोटरी आणि कुलमुखत्यारपत्रावर घर 'घेण्याची' वाट अनेकांनी धरली. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात 2011 मध्ये सांगितले की कुलमुखत्यारपत्रावरची अशी विक्री म्हणजे हस्तांतर नव्हे. आयुष्यभराची पुंजी अशा कागदात घातलेली माणसे पाहिली की वाईट वाटते. त्यांची फसवणूक दर वेळी कुणी मुद्दाम केलेली नसते. विकणाऱ्याचीही समजूत तीच असते.

बांधकामाचे दुखणे याला जोडूनच येते. कुटुंब वाढते, माळवद उतरवून स्लॅब पडतो, वर एक खोली चढते. बोर्डाची मंजुरी असतेच असे नाही. जागा परत घेताना किंमत मिळते ती मंजूर बांधकामाची, त्यामुळे विकत घेणाऱ्याने नकाशा मागितला पाहिजे. बँका कर्ज देताना हात आखडता घेतात, त्याचेही हे एक कारण.

भाड्याच्या व्यवहारात आणखी वेगळा पेच आहे आणि तो बऱ्याच जणांच्या गावीही नसतो. छावणीतल्या घरांच्या भाड्याचे नियमन हा विषय राज्यघटनेने संसदेला दिला आहे. पश्चिम बंगालमधील बराकपूर छावणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये हे स्पष्ट केले. राज्याचा भाडे कायदा छावणीत आपोआप लागू होत नाही. 1957 च्या केंद्रीय कायद्याखाली अधिसूचना काढून केंद्राने तो लागू करावा लागतो. महाराष्ट्रात जुना मुंबई भाडे कायदा गेला आणि 31 मार्च 2000 पासून नवा आला. तेव्हा भाडेकरूला बाहेर काढण्याचा दावा लिहिण्याआधी अधिसूचना कोणती, कोणत्या तारखेची, कोणत्या कायद्याची, हे हुडकणे आले. ते न करता लावलेला दावा वर्षानुवर्षे चालून अधिकारक्षेत्राच्या एका मुद्द्यावर कोसळू शकतो.

"अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदवायला कशाला पाहिजे?" हे वाक्य रोजचे. नोंदणी कायद्यात वर्षाची मर्यादा आहे, त्यातून हा समज आला. राज्याच्या याच नव्या, 1999 च्या भाडे कायद्याचे कलम 55 मात्र करार लेखी आणि नोंदलेला हवा असे सांगते, जबाबदारी घरमालकावर टाकते. तो नोंदला नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर उलट सिद्ध होत नाही. छावणीत हे कलम लागते की नाही यावर वाद घालता येईल, तरी जाणता वकील करार नोंदवूनच घ्यायला सांगतो. त्यात आणखी एक अट तो आग्रहाने घालतो: सरकारने जागा परत मागितली तर अनामत रक्कम किती दिवसांत परत करायची. दुकान भाड्याने घेऊन फर्निचरवर लाखो रुपये घालणाऱ्याला या ओळीचे मोल नोटीस आल्यावर कळते.

2023 मध्ये हिमाचलातील योल छावणीचा नागरी भाग वेगळा काढण्यापासून केंद्राने नवे धोरण सुरू केले, आणि देशभरातल्या छावण्यांचे नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडण्याची चर्चा भिंगारलाही पोचली. तेव्हापासून पक्षकारांचा एक प्रश्न ठरलेला आहे: महापालिकेत गेलो की जमीन आमच्या नावावर होईल ना? काही जण त्या भरवशावर चढा भाव द्यायलाही तयार होतात. केंद्राने 2024 मध्ये सांगितलेल्या भूमिकेनुसार पालिकेकडे रस्ते, पाणी यांसारख्या नागरी सुविधांची मालमत्ता जाईल. जिथे जमिनीचा मूळ हक्क केंद्राचा आहे, तिथे तो केंद्राकडेच राहील. घरपट्टी गोळा करणारे कार्यालय बदलेल, एफएसआयचे नियम बदलतील, 'लँडलॉर्ड'चा रकाना मात्र आपोआप बदलणार नाही. म्हणून साठेखताचा मसुदा करताना हद्द बदलली तर ठरलेली किंमत वाढणार नाही, नव्या दप्तरी नोंद करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर राहील आणि त्यासाठी लागणाऱ्या सह्या त्याचे वारसही करतील, अशी कलमे आता घालावी लागतात. विकणारा त्यातल्या तिसऱ्या कलमावर सर्वांत जास्त अडतो, कारण वारसांपैकी एखादी बहीण पुण्यात, एखादा भाऊ परदेशात असतो. त्यांची संमती इसाराआधी घेतलेली बरी.