उदासपणावरची गोळी आणि डोळ्यांना होणारा भास

मन सतत खिन्न राहणे, झोप उडणे, पेरणीच्या दिवसांतही अंथरुणातून उठवेनासे होणे हा आजार आहे. तो आळस नव्हे आणि पापाची शिक्षाही नव्हे. त्यावर औषधे आहेत व पुष्कळांना त्यांनी गुण येतो. परंतु या औषधांचा एक विरळा परिणाम ठाऊक नसला तर घरची माणसे घाबरून जातात. त्याविषयी आम्ही येथे चार शब्द लिहीत आहोत.

काळोखात पेटती चूड गरगर फिरविली की विस्तवाचे कडे दिसते. ते सर्वांनाच दिसते. पण समोरून बैल चालत गेला आणि त्याच्यामागे त्याच बैलाच्या पुसट प्रतिमांची रांग क्षणभर उरली, किंवा हात हलविताच एकाचे चार हात दिसले, तर ती गोष्ट निराळी. वैद्यकात तिला पॅलिनॉप्सिया म्हणतात. ट्रॅझोडोन या औषधाने काही रोग्यांना असे झाल्याच्या नोंदी आहेत. हे औषध मेंदूतील सिरोटोनिन या रसायनाच्या कामात फेरफार करते, आणि पाहण्याच्या क्रियेतही त्या रसायनाचा वाटा असतो. डॉक्टरांनी मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की हा त्रास बहुधा जातो.

दुसरा त्रास गोळी एकाएकी सोडल्याने होतो. सुगी आली, बरे वाटू लागले, मग खर्च कशाला, असे म्हणून कित्येकजण गोळी बंद करतात. पॅरॉक्सेटिन व व्हेन्लाफॅक्सिन ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात. त्यामुळे दोन-चार दिवसांत चक्कर येते, मळमळते, आणि नजर वळविताच डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटते. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश उतरते, म्हणून त्यात हा त्रास कमी.

असे काही झाल्यास ती बाहेरची बाधा समजून रोग्याला देवऋष्याकडे नेऊ नये. तो वेडा झाला असेही म्हणू नये. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. गोळी स्वतःहून बंद करू नये. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करावी.

२. भास केव्हा सुरू झाला, त्याआधी कोणती गोळी नवी लागली वा वाढली, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावे. अर्धशिशी, फेफरे किंवा मेंदूच्या दुखण्यातही असे दिसू शकते, म्हणून तपासणी हवीच.

३. भास थांबेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल व कडबा कापण्याचे यंत्र चालवू नये.

४. डोळा लाल होऊन फार दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, ओकाऱ्या झाल्या, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. काही रोग्यांत या गोळ्यांनी डोळ्यातील दाब एकदम वाढतो व उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

जवळपास मनोविकारांचे डॉक्टर नसतील तर सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

घरातील कोणी म्हणाले, "मला काहीतरी विचित्र दिसते," तर हसू नका. प्रथम विचारा, कोणती गोळी चालू आहे?