रुग्णालयातील श्वसनसंसर्ग व निवात कक्ष

औपसर्गिक व्याधी एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे कसे संक्रमित होतात, याचे विवेचन सुश्रुताचार्यांनी कुष्ठनिदानात केले आहे. संस्पर्श, निःश्वास व दुसऱ्याची शय्या-वस्त्रे यांचा त्यात उल्लेख येतो. या मार्गांकडे दुर्लक्ष झाल्यास रुग्णालयच रोगप्रसाराचे केंद्र बनते. २००३ मधील सार्सची साथ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

२६ फेब्रुवारी २००३ रोजी व्हिएतनाममधील हानोई येथे एका खासगी रुग्णालयात सार्सचा पहिला रुग्ण दाखल झाला. लवकरच तेथील परिचारिका व डॉक्टर आजारी पडू लागले. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो अर्बानी यांनी धोका ओळखून विलगीकरणाचा आग्रह धरला. २९ मार्च रोजी त्याच व्याधीने त्यांचे निधन झाले. देशातील ६३ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आरोग्यसेवक होते. याउलट शहरातील बाक माई रुग्णालयात रुग्णांना उघड्या खिडक्यांच्या प्रशस्त खोल्यांत ठेवले गेले, मुखपट्टी व विलगीकरण पाळले गेले आणि कर्मचाऱ्यांना लागण झाली नाही. २८ एप्रिल रोजी व्हिएतनाम सार्स आटोक्यात आणणारा पहिला देश ठरला.

कारण उघड आहे. खोकल्यातील मोठे थेंब लवकर खाली पडतात. सूक्ष्म कण मात्र बंद खोलीत तरंगत साचतात. सामान्य वातानुकूलन यंत्र तीच हवा पुन्हा फिरविते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत नैसर्गिक वायुवीजनासाठी सामान्य कक्षात प्रतिरुग्ण दर सेकंदास ६० लिटर व हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या कक्षात १६० लिटर हवा खेळावी, असे म्हटले आहे. समोरासमोरच्या उघड्या खिडक्यांनी हे पुष्कळदा साधते.

आपल्या व्यवसायात येथेच अडचण आहे. स्नेहन-स्वेदनासाठी निवात स्थान सांगितले आहे आणि असा बंद कक्ष संसर्गास पोषक असतो. यास्तव ज्वर-कास असलेल्या रुग्णाचे पंचकर्म पुढे ढकलावे. नवज्वरात शोधन तसेही निषिद्धच आहे. दोन रुग्णांमध्ये खिडक्या उघडून कक्ष मोकळा ठेवावा, चादरी-वस्त्रे बदलावीत, प्रत्येक रुग्णानंतर हात धुवावेत. धूपन हा वायुवीजनाचा पर्याय नव्हे. श्वासाच्या रुग्णाजवळ तर धूर टाळावाच. औषधी दुकानदारांनी खोकणाऱ्या ग्राहकास मुखपट्टी द्यावी व गर्दी दुकानाबाहेर मोकळ्या जागेत थांबवावी.

आजारी कर्मचाऱ्यास रजा देणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे. रुग्ण बरा होण्यासाठी आपल्या दारी येतो. नवा व्याधी घेऊन तो परतू नये, ही जबाबदारी चिकित्सकाचीच होय.