प्लॅटिनमने धरलेले पाणी

शुद्ध पाणी उदासीन असते, हे आपण वर्गात शिकवतो. सिसप्लॅटिन या कर्करोगावरील औषधात मात्र वेगळे घडते. पेशीत त्यातील एका क्लोराइडची जागा पाणी घेते. धनभारित प्लॅटिनम ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणून हायड्रोजन आयन सहज सुटतो व हायड्रॉक्साइड उरतो. सामू ६.४ असताना निम्मे रेणू असे बदललेले असतात.

दोन प्लॅटिनम अणू डायअमाइनच्या साखळीने जोडले, तर प्रत्येकावर एकच क्लोराइड असतो. तो गेला की धनभार वाढतो आणि हा आकडा सुमारे ५.६ वर उतरतो.

सामू ७.४ धरून हिशेब करू. पहिल्या संयुगात ११ पैकी १, दुसऱ्यात सुमारे ६४ पैकी १ रेणूवर पाणी टिकते. पाणी डीएनएला जागा करून देते. हायड्रॉक्साइड सहसा हटत नाही. औषधाची क्रियाशीलता या आकड्यावरही अवलंबून असते ती अशी.