गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत जायचं तर

तिबेटी माणसापाशी ‘भंडारा’ म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांसमोर तलाव किंवा पितळेची भांडी येत नाहीत. त्याला आठवते ती नोर्ग्येलिंग वसाहत. ही वसाहत गोठणगाव आणि प्रतापगडच्या परिसरात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि हा तालुका तिकडे गेला. तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि कागदपत्रांत वसाहतीचं नाव आजही भंडारा असंच आहे. भंडाऱ्याहून साकोली, तिथून नवेगावबांधवरून अर्जुनी आणि पुढे गोठणगाव. इटियाडोह धरणाची पाटी दिसली की समजायचं, आपण जवळ आलो.

भंडारा आणि गोंदिया, दोन्ही जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालयं नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाखाली येतात. त्यातल्या एखाद्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) पथकाला ‘आपल्या भागातल्या निर्वासितांसाठी काही करू’ असं वाटलं, तर ते नेमकं कसं करायचं? इच्छा चांगली असते, पण तिच्या पुढचा रस्ता कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी कोणाकडे जायचं आहे ते कळायला हवं. मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागे हजारो तिबेटी लोक आले. १९६० मध्ये कर्नाटकात बैलकुप्पे इथे पहिली मोठी वसाहत झाली. नोर्ग्येलिंग १९७२ ची. थंड पठारावर याक राखणारी माणसं विदर्भातल्या उन्हात, धानाच्या मुलखात येऊन राहिली. म्हणजे आज तिथे कॉलेजच्या वयाचे जे कोणी आहेत, ते इथेच जन्मलेले, काही तर इथे जन्मलेल्या आईबापांचे. त्यांचं ‘स्वागत’ करायला पन्नास वर्षं उशीर झाला आहे, हे मनात ठेवूनच पाऊल टाकावं.

कायद्याची बाजू थोडी गुंतागुंतीची आहे, पण ती समजल्याशिवाय पुढे जाऊ नये. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कागदावर तिबेटी माणूस ‘परदेशी’ असतो. त्याच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात, आणि त्याचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी ‘आयसी’ नावाचं ओळखपत्र लागतं. पण २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस नागरिकत्व कायद्याप्रमाणे जन्माने भारतीय नागरिक ठरतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या प्रकरणात हेच मान्य केलं. म्हणजे १९७५ मध्ये वसाहतीत जन्मलेली बाई कायद्याने तुमच्या आईइतकीच भारतीय. तरीही अनेकांनी तो हक्क वापरलेला नाही, कारण परत जाण्याची आशा त्यांनी सोडलेली नाही. ‘तुम्ही नागरिकत्व का घेत नाही?’ हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. तो त्यांच्या घरातला फार नाजूक विषय आहे.

आता प्रत्यक्ष काम. वसाहतीचा कारभार वसाहत अधिकारी पाहतो. त्याची नेमणूक धर्मशाळेतल्या केंद्रीय तिबेटी प्रशासनाकडून होते. तेव्हा पहिलं पत्र त्याच्या कार्यालयाला, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्य आणि एनएसएस कार्यक्रम अधिकाऱ्याच्या सहीने. पत्रात ‘आम्ही अमुक कार्यक्रम घेणार आहोत’ असं लिहू नये. ‘आम्ही दोघे-तिघे भेटायला येऊ का, आणि कधी आलो तर तुम्हाला सोयीचं पडेल?’ एवढंच लिहावं. सगळी बस भरून पहिल्याच दिवशी जाण्यात काही अर्थ नाही. दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक पुरे. चहा घ्यावा, ऐकावं, परत यावं.

‘कधी’ हा प्रश्न मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण इथेच बहुतेक योजना फसतात. एनएसएसचा स्वयंसेवक वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि त्याशिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. ही शिबिरं आपल्याकडे साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. आणि नेमके हेच महिने देशभरातल्या तिबेटी वसाहतींत स्वेटरच्या धंद्याचे. लुधियानाहून माल उचलायचा, तोही पुष्कळदा उधारीवर, आणि ऑक्टोबरपासून शहराशहरांत दुकान मांडायचं. वर्षभराचं घर या तीन-चार महिन्यांवर चालतं. त्या दिवसांत कमावती माणसं गावात नसतात, घरी म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरतात. डिसेंबरात शिबिर भरवलं तर फलक लागतील, फोटो निघतील, आणि ज्यांच्यासाठी गेलो ती माणसं नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकत बसलेली असतील.

त्यापेक्षा जुलै बरा. ६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस असतो, विद्यापीठाचं नवं सत्र सुरू झालेलं असतं आणि धानाची रोवणी तोंडावर असते. ज्या विद्यार्थ्याने घरच्या बांधीत रोवणी केली आहे त्याला इथे काही शिकवावं लागत नाही. तो चिखलात उतरला की ओळख आपोआप होते. दुसरा योग फेब्रुवारी-मार्चमधला लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष. पण तेव्हा निमंत्रण आलं तरच जावं.

मग करायचं काय? पहिलं काम कागदांचं. केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात रेशन, रोजगार हमी यांसारख्या योजनांचा लाभ तिबेटी लोकांना द्यावा, असं राज्यांना सांगितलेलं आहे. धोरण दिल्लीत लिहिलं जातं, अर्ज मात्र तहसील कार्यालयात भरावा लागतो, तोही मराठीत. घरात तिबेटी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आजोबांना ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द कोण समजावणार? दोन विद्यार्थ्यांनी दर शनिवारी एक टेबल मांडावं, अर्ज वाचून दाखवावेत, झेरॉक्स लावून द्याव्यात, गरज पडली तर तहसीलला सोबत जावं. यात टाळ्या पडत नाहीत. पण मला विचाराल तर वर्षभरात यापेक्षा उपयोगाचं दुसरं काही नाही.

दुसरं काम भाषेचं, आणि ते दोन्ही बाजूंनी चालावं. त्यांच्या मुलांना मराठी निबंध, आपल्याला तिबेटी लिपी. तिसरं काम म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीचं. तिबेटी वसाहतींतली तरुण मंडळी शिक्षणासाठी, नोकरीसाठी बंगळुरू, दिल्ली आणि परदेशात जात आहेत. मागे राहिलेल्यांपैकी ज्यांनी हिमालय पायी ओलांडला, ती पिढी आता फार थोडी उरली आहे. त्यांची आठवण ध्वनिमुद्रित करायची असेल तर आधी परवानगी घ्या आणि पहिली प्रत त्यांच्याच घरी द्या. नावं समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यांचे नातेवाईक तिबेटात असू शकतात.

आणि वसाहत सोडून थोडं आजूबाजूलाही पाहा. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी पूर्व बंगालातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. तिथली मुलं तुमच्याच वर्गात असतील. हजेरीत नाव ऐकलेलं असतं, पण त्या घराची गोष्ट कोणी विचारलेली नसते.

पैशांकडे येतो. वर्गणी मागणं आपल्याला नवीन नाही, पण नियम माहीत असावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार, नोंदणीकृत न्यास नसलेल्यांना धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दर वर्षी हीच परवानगी घेतात. सोपा मार्ग असा, की महाविद्यालयामार्फत किंवा आधीच नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत पैसे घ्यावेत, प्रत्येक रुपयाची पावती फाडावी, आणि कोणा एका विद्यार्थ्याच्या यूपीआय खात्यावर एक पैसाही घेऊ नये. अमेरिकेतल्या मामाने शंभर डॉलर पाठवतो म्हटलं तर त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. अमेरिकी नागरिक झालेल्या माणसाची देणगी ‘परदेशी देणगी’ ठरते आणि ती घेणाऱ्या संस्थेला २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी लागते.

थोड्या पैशांनी काय होतं, याची दोन उदाहरणं मला फार जवळची वाटतात. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं भारतात आली, तेव्हा १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचं जादा ‘निर्वासित साहाय्य’ तिकीट लावणं सक्तीचं झालं. ते ३१ मार्च १९७३ पर्यंत चाललं. आपल्या आजीने माहेरी लिहिलेल्या पत्रावरही ते लागलं असेल. दुसरं उदाहरण मुंबईचं. तेनझिन त्सुंद्यू हे तिबेटी कवी मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्याचं एम. ए. करत होते. त्यांचा पहिला कवितासंग्रह १९९९ मध्ये निघाला तो वर्गमित्रांकडून मागून, उसने घेऊन जमवलेल्या पैशांवर. त्या वर्गात कोणी निर्वासित साहाय्य समिती स्थापन केली नव्हती. मित्राच्या कवितांचं पुस्तक व्हावं, एवढंच त्यांना वाटलं होतं.

याच भावनेला व्यवस्थेचं रूप दिलं ते कॅनडातल्या विद्यार्थ्यांनी. ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस ऑफ कॅनडा’ ही संस्था १९७८ पासून निर्वासित विद्यार्थ्यांना तिथल्या विद्यापीठांत आणते. अनेक विद्यापीठांत विद्यार्थी मतदान करून स्वतःच्या शुल्कात एक छोटी रक्कम वाढवून घेतात आणि त्या निधीवर नव्या विद्यार्थ्याचं शिक्षण आणि राहणं चालतं. विमानतळावर घ्यायला जाणं, बँकेत खातं उघडून देणं, थंडीचे कपडे घेऊन देणं हेही विद्यार्थ्यांचीच समिती करते.

आपल्याकडे हिशेब मांडून पाहा. एका महाविद्यालयात १,००० विद्यार्थी धरले आणि प्रत्येकाने स्वखुशीने महिन्याला १० रुपये दिले, तर दहा महिन्यांत १ लाख रुपये होतात. त्यात वसाहतीतल्या किंवा बंगाली गावातल्या एका मुलीचं वसतिगृह, मेस आणि एसटीचा पास निघू शकतो. ती मुलगी कोण, हे वसाहतीतल्या लोकांनी ठरवावं. तिचं नाव सूचना फलकावर लागू नये. फलकावर लागावा तो जमा-खर्च, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, खजिनदार आणि प्राध्यापक दोघांच्या सहीने.

आणि एक वही ठेवा. तिच्यात वसाहत अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा पत्ता, कोणाचा कुठला अर्ज तहसीलला अडकला आहे, पुढच्या सुनावणीची तारीख, कोणत्या आजींना कोणत्या महिन्यात डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं आहे, हे सगळं लिहिलेलं असावं. तृतीय वर्षाची मुलं निकाल लागला की पांगतात. जाण्याआधी त्यांनी द्वितीय वर्षाच्या दोघांना गोठणगावला सोबत न्यावं, त्या आजींसमोर बसवावं, आणि वही तिथेच त्यांच्या हातात द्यावी.