तडीपार पोरे आणि विकलेली जमीन

माझ्या वर्गात काही वर्षांपूर्वी मुळशी तालुक्यातून एस.टी.ने येणारे दोन विद्यार्थी होते. एक पाटलाच्या भावकीतला, दुसरा त्याच गावच्या बौद्धवाड्यातला. पहिल्या वर्षी ते एका बाकावर बसत. दुसऱ्या वर्षी ते दोन वेगवेगळ्या 'भाईं'च्या गटांत होते. तिसऱ्या वर्षी एक तडीपार झाला आणि दुसऱ्याने शिक्षण सोडले. त्यांची नावे मी लिहीत नाही. परंतु हे दोघे एकमेकांचे वैरी का झाले, याचा विचार आपल्या चळवळीने केलाच पाहिजे. पोलिसांच्या नोंदीत त्याचे उत्तर 'पूर्ववैमनस्य' एवढेच असते.

मुळशीची जमीन हिरावली जाण्याचा इतिहास जुना आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये, रामनवमीला, येथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याच्या अग्रभागी होते. या लढ्याचा अभ्यास करणारे राजेंद्र व्होरा यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. बऱ्याच जमिनींचे मालक पुण्यातले सावकार होते. ते मोबदल्यावर राजी झाले आणि कसणारे मावळे उघड्यावर पडले. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, धरण पूर्ण झाले आणि वीज मुंबईला गेली. पण ज्यांच्या नावावर सावकाराचे कर्जही नव्हते, त्या वतनावर जगणाऱ्या महारांचे आणि रानावर जगणाऱ्या कातकऱ्यांचे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही.

दुसरी लाट १९९० नंतरची. हिंजवडी-माणला माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान आले. मोसे खोऱ्यात लवासा उभे राहू लागले. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबविले आणि २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या काळात जमिनीला सोन्याचा भाव आला. गाडी आली, बंगला झाला, लग्ने थाटात लागली आणि पैसा संपला. प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' (२०१८) या चित्रपटात जमीन विकून बसलेल्या पाटलाचा मुलगा गुन्हेगारीत जातो. त्याने ही वेदना घरोघर पोचविली. परंतु ती कथा जमीनवाल्याच्या घरातून सांगितलेली आहे. ज्याच्याकडे विकायलाच काही नव्हते, त्याचा मुलगा त्याच टोळीत कसा जातो?

त्यासाठी टोळीचे अर्थकारण समजून घ्यावे लागते. सात-बारावर दहा नावे असतात. एक भाऊ विसार घेतो, दुसरा कुलमुखत्यारपत्र भलत्यालाच देतो, बहिणींच्या वारसांना कुणी विचारलेलेच नसते. एकाच जमिनीची दोन खरेदीदारांकडे कागदपत्रे असतात. न्यायालयात वर्षे जातात. बिल्डरला मात्र ताबा आज हवा असतो. हा 'ताबा' मिळवून देणारी वीस-पंचवीस पोरे म्हणजे टोळी. त्याला मुरूम, पाण्याचे टँकर, कारखान्याचे भंगार यांच्या ठेक्यांची जोड मिळते. ठेका एक आणि गट दोन, म्हणून वैर. वैर पोरांचे दिसते. नफा त्यांच्या वयाच्या दुप्पट माणसांचा असतो.

या उतरंडीतही जात आहेच. माझ्या पाहण्यात जमीनवाल्याचा मुलगा गाडीत पुढे बसतो. वाड्यातल्या मुलाला केस अंगावर घ्यायला सांगतात. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनविषयक विधेयक आणले, ते वतनाच्या गुलामीतून आपल्याला सोडविण्यासाठी. पुढे कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने गेली. परंतु राबण्याच्या मोबदल्यात भाकरी आणि 'आपला माणूस' म्हणवून घेण्याचा मान, हे नाते भाईच्या दारात पुन्हा उभे राहिले आहे. हे नवे वतनच होय.

या मुलांच्या मनावरचे ओझेही पाहिले पाहिजे. पाटलाच्या मुलाला वाटते, बापाने घालविलेली पत आपण परत आणली पाहिजे; बापाची मान खाली आहे याचा दोष तो स्वतःकडे घेतो. वाड्यातल्या मुलाकडून आईची अपेक्षा असते की घरातला पहिला पदवीधर तो व्हावा. ही अपेक्षा मला ठाऊक आहे. मीही तिच्याखाली वाकूनच शिकलो. ती पुरी होत नाही असे दिसले की मुलगा घरी तोंड दाखवायला लाजतो, आणि लाजलेल्या मुलाला भाईचा अड्डा जवळचा वाटतो. दोघांचे दुःख एका मुळाचे आहे. पण ते एकमेकांवर कोयता उगारतात, त्या मुळावर नाही.

यानंतर येते तडीपारी. १९५१ च्या पोलीस कायद्यातील कलम ५५ ते ५७ खाली माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षे हद्दीबाहेर घालविता येते. गावकुसाबाहेरचे जिणे आम्हाला जन्मानेच मिळाले होते. म्हणून या शिक्षेचा अर्थ आपल्याला तरी समजला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ च्या निकालात म्हटले आहे की तडीपारी हा असाधारण उपाय आहे. तो संचारस्वातंत्र्यावर घाला घालतो, माणसाला स्वतःच्या घरातही राहू देत नाही, म्हणून तो क्वचितच वापरावा. कायद्यात बचावाची दारेही आहेत. कलम ५९ प्रमाणे आदेशापूर्वी लेखी नोटीस आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. कलम ६० प्रमाणे तीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते. कलम ६२ प्रमाणे तात्पुरते परत येण्याची परवानगी मागता येते.

हे कलम ६२ मला फार उशिरा कळले. माझा तो विद्यार्थी (तडीपार झाला तो बौद्धवाड्यातला, हे वाचकांनी ओळखलेच असेल) परीक्षेला येऊ शकला नाही. त्याच्या आईने मला विचारले होते, "सर, काही करता येईल का?" मी म्हणालो, "पोलिसांचे काम आहे, आपल्या हातात नाही." एक अर्ज करता आला असता. तो मंजूर झाला असता की नाही, हा पुढचा प्रश्न; पण तो केला गेला नाही, आणि शिकलेला माणूस म्हणून ती चूक माझी आहे.

जयंतीच्या वर्गणीसाठी आपण त्याच भाईंच्या दारात जातो आणि त्यांचे फलक आपल्या चौकात लावतो, तेव्हा त्या पोरांना आपण कोणती वाट दाखवितो? कार्यकर्त्यांनी वर्गणी नाकारावी. वकिलांनी नोटीस आलेल्या मुलाची पहिली सुनावणी चुकू देऊ नये. शिक्षकांनी सलग आठ दिवस वर्गात न दिसलेल्या मुलाच्या घरी जावे. एवढ्याने जमीन परत येणार नाही. पण एका बाकावर बसलेली दोन मुले तिसऱ्या वर्षापर्यंत त्या बाकावर टिकू शकतील.