दुखत नाही म्हणून गप्प बसू नका

मधुमेह म्हटलं की आपण पायांना जपतो, डोळे तपासून घेतो. तोंडाकडे मात्र दात ठणकेपर्यंत कुणी बघत नाही. आणि हिरडीचा आजार बहुतेक वेळा दुखतच नाही! दात घासताना थुंकीत रक्त दिसतं, तोंडाला वास येतो, हिरडी मागे सरकून दात लांब दिसू लागतो, एवढंच.

रक्तात साखर जास्त राहिली की लाळेतही ती वाढते, तोंड कोरडं पडतं, जंतूंचं फावतं. शरीराची त्यांच्याशी लढायची ताकदही कमी होते. उलटंही घडतं. हिरडीत सूज मुरलेली असली की इन्सुलिनचा गुण नीट येत नाही. गोळ्या वेळेवर, भात कमी, तरी साखर उतरत नाही, असं होत असेल तर एकदा दंतवैद्यांना हिरड्या दाखवा. हिरड्यांवर उपचार झाले की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा खाली येऊ शकतो. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

आता मिश्री. गटाच्या बैठकीत हा विषय काढला की कितीतरी जणी पदर तोंडाला लावतात! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. ती लावून रक्त कमी झालं की औषध लागू पडलं असं वाटतं. खरं तर तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसत नाही, पण आत आजार चालूच राहतो.

दुसरी भीती, ‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात.’ हलतात ते आतलं हाड आधीच झिजल्यामुळे. दातांवर चढलेलं कीटण टेकूसारखं असतं, ते निघालं की फटी उघड्या पडतात. कीटण ठेवलं तर हाड आणखी झिजणार.

घरी मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं तर चुकवूच नका. कवळी असेल तर झोपताना काढून, धुऊन पाण्यात ठेवा.

दवाखान्यात उपाशी जाऊ नका. नाश्ता करून, रोजची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळीच जा. साखरेचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, मधुमेह आहे हे आधी सांगा. साखर फार चढलेली असेल तर दात काढायला डॉक्टर थांबायला सांगतील, कारण जखम लवकर भरत नाही. पण गाल सुजला, पू आला, ताप भरला तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.